सही घेण्याआधी

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

नव्या औषधांच्या चाचणीत कोऑर्डिनेटर म्हणून रुजू झालीस आणि लगेच संमतीपत्रं घ्यायला बसवलं, असं कळलं. फॉर्म कसा भरायचा ते ट्रेनिंगमध्ये शिकवलं असेलच. मी लिहितेय ते समोरच्या खुर्चीवर बसलेल्या पेशंटबद्दल.

‘डॉक्टर म्हणतील तसं’ हे रोज ऐकशील. त्याला होकार समजू नकोस. पेशंटची समजूत असते की मोठ्या डॉक्टरांनी आपली फाइल बघून खास आपल्यासाठी नवीन औषध काढलंय. नवीन औषध कोणाला आणि जुनं कोणाला हे कॉम्प्युटर ठरवतो, डबल ब्लाइंड चाचणीत तर डॉक्टरांनाही पत्ता नसतो, हे माहितीपत्रकात छापलेलं असतं. मळमळ, चक्कर, पुरळ हे सगळं पेशंट घडाघडा सांगेल; औषध कॉम्प्युटर ठरवतो, हे एवढं मात्र डोक्यात शिरत नाही. तिकडे अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ पॉल ॲपेलबाम आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हाच गैरसमज मांडला होता. त्यामुळे आपला पेशंट अडाणी म्हणून असं होतं, हे कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

‘समजलं का?’ विचारलं की मान हलतेच. त्यापेक्षा ‘घरी गेल्यावर काय सांगाल?’ असं विचार. ‘भारी औषध मिळालं, तेबी फुकट’ असं उत्तर आलं तर पेन खाली ठेव आणि पुन्हा पहिल्यापासून सांग.

औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांप्रमाणे फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनी लिहावा लागतो. नॉमिनीपाशी पेशंट दचकतो. ‘म्हंजे, जिवाला धोका हाय का?’ नवी मुलं इथे गडबडीने ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे हो’ म्हणून मोकळी होतात. अगं, तो आत्ता कुठे ऐकायला लागलेला असतो! चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि वर भरपाई, मृत्यू झाला तर ती भरपाई वारसांना, हे तेव्हाच सांग.

वाचता न येणाऱ्यासाठी साक्षीदार लागतो. शेवटी अंगठ्याशेजारी सही करायला वॉर्डातल्या मावशींना हाक मारायची नाही. साक्षीदार चाचणीशी संबंध नसलेला हवा आणि पहिल्या वाक्यापासून बसलेला हवा. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये 2009 च्या एचपीव्ही लशीच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस) प्रकल्पात अनेक मुलींच्या फॉर्मवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले.

‘नाही म्हणालात तरी उपचार चालूच राहतील’ यावर पेशंटचा विश्वास बसत नाही. म्हणून पुढच्या ओपीडीची तारीख आधी केसपेपरवर लिहून त्याच्या हातात दे, मगच चाचणीचा विषय काढ. माहितीपत्रक घरी नेऊ दे.

चाचणीत पेशंट कमी का येतायत, अशी वरून विचारणा होईल. स्क्रीनिंग लॉग, म्हणजे कोणाकोणाला विचारलं आणि कोण नाही म्हणालं याची नोंद, पुढे कर. नकाराचं कारण पेशंटने आपणहून सांगितलं तर लिही, खोदून विचारू नकोस.

तुझी,
मावशी