होमवर्ल्ड्स या अंतराळयानांच्या खेळात दोन्ही खेळाडू त्याच चार रंगांचे छोटे पिरॅमिड वापरतात. मग कोणता पिरॅमिड कोणाचा, हे कसे ओळखावे?

आडव्या ठेवलेल्या पिरॅमिडचे टोक प्रतिस्पर्ध्याकडे रोखलेले असेल तर ते यान तुमचे आणि तुमच्याकडे वळलेले असेल तर त्याचे. रंगाचा मालकीशी काहीही संबंध नाही. जॉन कूपर यांच्या या खेळात दोघांच्या डावासाठी 36 पिरॅमिडांचा साठा सामाईक असतो, आणि रंग केवळ यानाची क्षमता सांगतो: हिरव्याने नवे यान बांधता येते, पिवळ्याने प्रवास करता येतो, निळ्याने रंग बदलता येतो, तर लालने त्याच ताऱ्यापाशी असलेले, आपल्या यानाएवढे किंवा त्याहून लहान असे परके यान जिंकता येते. जिंकलेले यान उचलून बाजूला ठेवायचे नसते, जागच्या जागी त्याचे टोक फिरवायचे असते, आणि या खेळातली मला सर्वांत देखणी वाटणारी कृती हीच आहे. मात्र उभे ठेवलेले पिरॅमिड हे तारे असल्यामुळे त्यांना हा नियम लागू होत नाही.