चुलतभावाला आधी विचारा, ‘यंदा लागण की खोडवा?’

जर्मनीतल्या एका वाचकांचं पत्र आलंय. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठी वडिलांच्या वाट्याची दीड एकर जमीन आहे, ती चुलतभाऊ कसतो. शेजारच्या रानात प्लॉट पडलेत, दर बरा येतोय, म्हणून पुण्यातला धाकटा भाऊ ‘विकून मोकळं होऊ’ म्हणतो. ते लिहितात, “ताई, मला विकवत नाही. पण मुलं तिथं कधी राहायला जाणार नाहीत. जुन्या गुऱ्हाळाच्या जागेवर छोटं फार्महाऊस बांधलं तर मुलांना आपली संस्कृती तरी दिसेल. बरोबर आहे का?”

दादा, तुमची तळमळ पोचली. पण फार्महाऊस बांधू नका. वर्षातले अकरा महिने त्याला कुलूप असणार आणि त्या कुलपाची राखण चुलतभावाच्या गळ्यात पडणार. तुमच्या मुलांना जे दिसावं असं वाटतं, ते भिंतींत नाही, तिथल्या कामात आहे.

आमच्या घरचं गुऱ्हाळ बंद झालं तो दिवस मला अजून आठवतो. लोखंडी काईल भंगारवाल्यानं वजनावर नेली. त्याच काईलीत पहाटे रस उकळायचा, चुलवाणात वाळलेलं चिपाड सारलं जायचं, ठेचलेल्या रानभेंडीचं चिकट पाणी रसात ओतलं की मळी वर यायची आणि ती झाऱ्यानं काढायची. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, उलथन्यावरचा थेंब थंड पाण्यात सोडायचा, बोटांत गोळी वळायचा आणि काईलीच्या काठावर आपटून ऐकायचा. आवाज टणक आला की ‘उतरा’ म्हणायचा. थर्मामीटर नव्हता. तो कान त्यानं बापाकडून घेतला होता आणि पोराला दिला नाही, कारण पोरगं एमआयडीसीत लागलं. त्यात त्याचं काय चुकलं? हंगामभर रात्री जागून जे मिळायचं त्यात घर चालत नव्हतं.

गुऱ्हाळं मोडली ती अशी. कारखान्याला घातलेल्या उसाला एफआरपीचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचा आधार असतो, गुळाला हमीभाव नाही. चांगला गुळव्या मिळत नाही. आणि गिऱ्हाईकाला पिवळाधमक गूळ लागतो, म्हणून रसात हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारं रसायन पडायला लागलं. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ही अभिमानाची गोष्ट, पण मानांकनानं चूल पेटत नाही. नियमित गिऱ्हाईक असलं की पेटते. परदेशातल्या मराठी घरांकडून इथं खरी मदत होऊ शकते. तुमच्या मंडळातली पाच-सात घरं मिळून वर्षाचा गूळ एकाच गुऱ्हाळाकडून आधी सांगून घ्या. तांबूस, काळपट असला तरी घ्या आणि थोडी उचल आगाऊ द्या.

‘पारंपरिक’ म्हणताना एक ध्यानात ठेवा. आपलं हे हिरवंगार रान अनादि काळापासूनचं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीला भोगावतीवर धरण बांधायला घेतलं, शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, पुढं नदीनदीवर बंधारे झाले. त्यांना राज्यभर ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ म्हणतात. पाणी वाढलं तसा ऊस वाढला, ऊस वाढला तशी गुऱ्हाळं वाढली. तेव्हा चुलतभाऊ उद्या दीड एकरातल्या अर्ध्या एकरात भाजी करतो म्हणाला किंवा ठिबक टाकतो म्हणाला, तर ‘आजोबांच्या वेळचं मोडू नको’ असं म्हणू नका. रान पिकतं राहू दे.

आणि रान विकूही नका. त्याचं एक कारण म्हणजे नदी. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पुराचं पाणी पसरायला नदीकाठची सखल रानं लागतात. ऊस चार दिवस पाण्यात उभा राहतो, संसार राहत नाही. तिथं भराव टाकून प्लॉट पाडले की ते पाणी दुसऱ्याच्या दारात जातं. तुमचं रान पूररेषेत येतं का, हे धाकट्या भावाला चौकशी करून बघायला सांगा. आणि त्याला हेही सांगा, की अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्ड असलेल्यांना (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना) वारशानं आलेली शेतजमीन ठेवता येते, पण नव्यानं शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे तुमच्यापुरता हा व्यवहार परत फिरणारा नाही.

त्याला पैशाची खरीच नड असेल तर मात्र त्याच्यावर भावनेचं ओझं टाकू नका. त्याचा वाटा चुलतभाऊ कसा उचलू शकतो, ते वकिलाला विचारा.

आता कागदाचं. वडील गेल्यावर वारस नोंद झाली नसेल तर आधी ती करा. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडं (आताचा ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं असतं, आपल्याकडं मात्र वीस-वीस वर्षं राहून जातं आणि मग सातबाऱ्यावर मेलेल्या माणसांची नावं राहतात. कुळमुखत्यारपत्र द्यायचं तर विक्रीचा अधिकार त्यातून वगळा. चुलतभावाशी काय ठरलंय, म्हणजे खर्च कुणाचा, वाटा किती, पाणीपुरवठा संस्थेची पट्टी कोण भरणार, हे साध्या मराठीत लिहून वकिलाला दाखवून घ्या. ‘कूळ लागेल’, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायदेशीर हक्क लागेल, या भीतीनं कितीतरी घरांनी चांगली रानं पडीक ठेवली आणि कसणाऱ्या भावाशी बोलणं तोडलं. तोंडी व्यवहारात माया असते, पण पुढच्या पिढीला ती वाचता येत नाही.

मुलांसाठी एक करा. मे महिन्यात आणू नका, तेव्हा रान तापलेलं आणि चुली गार असतात. त्यांच्या नाताळच्या सुट्टीत या. डिसेंबरात गुऱ्हाळं भरात असतात. जवळच्या चालू गुऱ्हाळावर त्यांना पहाटे न्या, हातात उसाचं दांडकं द्या आणि गरम गुळात बुडवायला सांगा. जीभ पोळेल, पोळू दे. मग पाणंदीनं चालत आपल्या बांधावर न्या आणि चुलतभावाकडून त्यांना रान दाखवून घ्या, तुम्ही मागं राहा.

फोन मात्र त्याच्या आधी, याच आठवड्यात करा. विकायचं का, हे पहिल्याच वाक्यात विचारू नका. यंदा लागण केलीस, म्हणजे नवा ऊस लावलास, की खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचा फुटवा राखलास, ते विचारा आणि तो सांगेल ते पुरतं ऐकून घ्या.