बोअर वाढवावा का?

प्रश्न : माझी ९७ सीसीची फ्युएल इंजेक्शन गाडी भेरूघाटात डबलसीट दमते. मेकॅनिक ५४ मिमीचा पिस्टन बसवू म्हणतो. बसवू का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : कृपा करून बसवू नका. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ मिमी धरला, तर इंजिन ११३ सीसीचे होईल. पण हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) तेच राहिल्याने कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) ९.९ वरून ११.४ च्या आसपास जाईल. इंजेक्शनचा मॅप (किती पेट्रोल सोडायचे याचा तक्ता) जुनाच, त्यामुळे हवा जास्त आणि पेट्रोल कमी; मिश्रण पातळ. इंजिन एअर-कूल्ड, त्यात मे महिन्यातला चढ! आधी नॉकिंग (मिश्रण भलत्या वेळी पेटून होणारी ठकठक), मग पिस्टन जाम. सिलिंडरची भिंत पातळ होते ती वेगळीच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल चालत नाही आणि विम्याचा दावा अडकू शकतो.

आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, थ्रॉटल पूर्ण उघडून. कमी आले तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा: वाढले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, न वाढल्यास व्हॉल्व्ह गळतोय. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावरच लावा. क्लच घसरतोय का, ब्रेक चिकटतोय का, तेही बघा. बहुतेकदा दम इथेच गेलेला असतो.

तरीही ओढ कमी वाटली, तर पुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) १४ ऐवजी १३ दातांचे बसवा. चढावर सुमारे ८ टक्के ओढ वाढते. टॉप स्पीड थोडा उतरतो.