"कुणी छाती दाबली होती का?"

तुम्ही विचारलंय की सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबणं, आणि प्रथमोपचार साध्या माणसाने शिकून काय उपयोग, ते डॉक्टरांचं काम, आणि काही चुकलं तर उलट आपल्याच गळ्यात येईल. या दोन्ही शंका माझ्याही मनात होत्या. २०१६ च्या मे महिन्यापर्यंत.

चुलतभावाचं लग्न होतं. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव, देवळासमोर मांडव. दुसरी पंगत उठत होती. माझे वडील, अण्णा, वय ६१, वाढप्यांना "मठ्ठा फिरवा रे" असं सांगता सांगता खुर्चीवर टेकले आणि तसेच एका बाजूला कलंडले.

मांडवात दोन-तीनशे माणसं असतील. त्यातलं कुणीही नुसतं बघत उभं राहिलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तोंडावर पाणी मारलं. मावशी तळपाय चोळत बसली. एकाने चमच्याने साखरपाणी घातलं, ते गालावरून ओघळून सदऱ्यात गेलं. पोरं गाडी काढायला धावली. आणि अण्णांच्या घशातून मधूनमधून घोरल्यासारखा आवाज येत होता. बराच वेळ काहीच नाही, मग पाण्याबाहेर काढलेला मासा तोंड उघडतो तसा एक आचका, मग पुन्हा काहीच नाही. "श्वास चालू आहे, घाबरू नका," असं मीच सगळ्यांना सांगत होतो.

ग्रामीण रुग्णालय १४ किलोमीटरवर. तिथे छातीला वायरी लावल्या, कागदावर सरळ रेघ आली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पडल्यावर कुणी छाती दाबली होती का?"

मला तो प्रश्नच कळला नाही. त्याचं उत्तर मला दीड वर्षाने मिळालं.

मी एका साखर कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. तेव्हाच्या कारखाना कायद्याप्रमाणे दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी ठेवावी लागायची, आणि ती प्रथमोपचार शिकलेल्या माणसाच्या ताब्यात असावी लागायची. त्या प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव आलं. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच तासाला तो घोरण्यासारखा आवाज काढून दाखवला आणि म्हणाल्या, "हा श्वास नाही. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटं मेंदूच्या तळातून येणारे हे आचके असतात. माणूस हाक मारून, खांदे हलवून उठत नाही आणि असा आवाज येतोय, याचा अर्थ लगेच छाती दाबायला घ्या." मी वर्गातून उठून बाहेर गेलो. थोड्या वेळाने परत येऊन बसलो.

हृदय थांबलं की साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशी मरायला लागतात. छाती दाबली नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे आणि तिथली माणसं खरंच धावपळ करतात, पण आमच्या गावात चार मिनिटांत कोणतीच गाडी पोचू शकत नाही. पुण्यातल्या ट्रॅफिकमध्येही नाही. तुम्ही म्हणता ते डॉक्टरांचं काम, पण त्या चार मिनिटांत तिथे डॉक्टर नसतोच. बायको असते, मुलगा असतो, वाढपी असतो. १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या कोवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता बाहेरून दाबण्याची ही पद्धत मांडली, तेव्हाच त्यांनी लिहिलं होतं की हे कुणीही, कुठेही सुरू करू शकतं, त्याला फक्त दोन हात लागतात. त्यांतले कोवेनहोवन तर डॉक्टरही नव्हते, विजेचे इंजिनिअर होते.

दोन हात लागतात हे खरं, पण ते हात आधी एकदा वळलेले असावे लागतात. ऐकायला सोपं वाटतं: माणसाला कडक जमिनीवर उताणं झोपवायचं, छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा, त्यावर दुसरा हात, आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगाने पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. सरावाच्या पुतळ्यावर पहिल्यांदा दाबलं तेव्हा माझे कोपर वाकत होते आणि पुतळ्यातला "टक्" आवाज येतच नव्हता. जितकं दाबायला हवं त्याच्या निम्मंही मी दाबत नव्हतो, कारण समोर माणूस आहे, त्याला लागेल, हे मनातून जात नव्हतं. बाई म्हणाल्या, "हात सरळ ठेवा, कमरेतून वाका, अंगाचं वजन टाका." मग "टक्" आला. दोन मिनिटांत घाम पुतळ्याच्या छातीवर टपटपत होता. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. ज्याला तोंडाने श्वास देता येतो त्याने ३० वेळा दाबून दोन श्वास द्यावेत. ज्याला येत नाही त्याने नुसती छाती दाबत राहिलं तरी चालतं.

बुडालेल्या माणसाचं मात्र वेगळं. त्याचा मूळ घातच हवा न मिळाल्याने झालेला असतो, म्हणून तिथे तोंडाने श्वास द्यायलाच हवेत. आमच्याकडे विहिरीतून पोराला वर काढलं की त्याला पालथं घालून पोट दाबतात, कुणी पाय धरून गरगर फिरवतात. पाणी काढायच्या नादात ती चार मिनिटं निघून जातात.

आता गळ्यात येण्याची भीती. रस्त्यावरच्या अपघाताबद्दल मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलंय. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून काही चूक झाली तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि तुम्हाला नाव सांगायची सक्तीही नाही. त्याआधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबतच्या मार्गदर्शक सूचना मान्य केल्या होत्या. घरात किंवा मांडवात पडलेल्या माणसालाही शुद्ध हेतूने केलेली मदत गुन्हा ठरत नाही, हे जुन्या दंड संहितेतही होतं आणि नव्या न्याय संहितेतही आहे. दाबताना बरगडी मोडू शकते. मोडू दे. बरगडी सांधते. ज्याचं हृदय थांबलंय त्याचं तुम्ही आणखी काय बिघडवणार? एवढं मात्र नीट पाहा की माणूस शुद्धीवर आहे, बोलतोय, छातीत दुखतंय म्हणतोय, तर तो हार्ट अटॅक असू शकतो, पण हृदय अजून चालू आहे. त्याची छाती दाबायची नाही. त्याला बसवून तातडीने दवाखाना गाठायचा.

आजवर मला खऱ्या माणसावर सीपीआर द्यावा लागलेला नाही. पण त्या वर्गातलं बाकीचं कितीतरी उपयोगी पडलं. कँटीनमध्ये एकाला फिट आली तेव्हा दोघेजण चप्पल हुंगवायला आणि मुठीत किल्ल्या कोंबायला पुढे झाले. मी त्याच्या आसपासचे बाक सरकवले, डोक्याखाली टॉवेल ठेवला, झटके थांबल्यावर त्याला कुशीवर वळवलं आणि घड्याळ पाहत बसलो. झटके पाच मिनिटांच्या पुढे गेले तर दवाखाना, असं शिकवलेलं. दोन मिनिटांत थांबले. बहिणीच्या हातावर उकळतं तेल उडालं तेव्हा टूथपेस्टची ट्यूब तिच्या हातातून काढून घेतली आणि तो हात वीस मिनिटं नळाखाली धरून ठेवला. उसाच्या फडात साप चावला तर ब्लेड मारायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही, पळवायचं नाही. फळीला पाय बांधून तो हलू न देता, जिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे त्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. घशात अडकलं आणि माणसाला खोकताही येत नसेल, तर पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच झटके, पुन्हा थापा. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट मात्र दाबायचं नाही, छातीवर दाबायचं.

हे वाचून तुम्हाला आलं असं समजू नका. रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या शाखांमध्ये हे वर्ग होतात, मोठ्या रुग्णालयांतही होतात. एखादा दिवस काढा आणि पुतळ्याचा तो "टक्" स्वतःच्या हातांनी ऐका.

अण्णा वाचलेच असते असं मी म्हणत नाही. अनेकांना सगळं वेळेवर मिळूनही ती माणसं जातात. पण मांडवातले दोन-तीनशे लोक त्यांच्यासाठी जिवाचं रान करत होते, आणि त्यांतला एकही हात जिथे पडायला हवा होता तिथे पडला नाही.

आमच्या घरात आता बायकोला आणि थोरल्या मुलाला छाती दाबता येते. उशीवर सराव करतात, मुलगा मोठ्याने आकडे मोजतो. आईला गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही, म्हणून तिने स्वतःचं काम ठरवून घेतलंय. फोनच्या वरच्या भिंतीवर तिने खडूने १०८ लिहिलंय आणि खाली पत्ता: बिरोबाच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीजवळ, निळं दार. गाडीवाल्याला वळण चुकू नये म्हणून दाराबाहेरचा दिवा लावायचा, हेही तिनेच ठरवलंय.