व्हॅक्यूम वाढवल्यावर इव्हॅपोरेटरच्या कंडेन्सेटमध्ये मीठ का येते?

रबाळे एमआयडीसीतील आपल्या कारखान्यात व्हॅक्यूम वाढवल्यापासून इव्हॅपोरेटरचे (द्रव उकळून आटवणाऱ्या यंत्राचे) कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन बनलेले पाणी, खारट येते, त्याचे कारण आपण विचारले आहे. या तापमानाला मिठाची वाफ होत नाही. उकळत्या द्रवाचे सूक्ष्म थेंब वाफेच्या झोताबरोबर ओढले जातात आणि त्यांच्यातून मीठ पलीकडे पोहोचते. व्हॅक्यूम वाढवून आतला दाब निम्मा केला, की तितक्याच वजनाची वाफ जवळपास दुप्पट जागा घेते आणि तिचा वेगही दुप्पट होतो. परंतु साउडर्स आणि ब्राऊन या अभियंत्यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार थेंब ओढले जाऊ नयेत यासाठीची वाफेची सुरक्षित वेगमर्यादा मात्र जेमतेम १.४ पट वाढते. म्हणून आधी बाष्पीभवनाचा दर कमी करून पाहावा आणि फेस तपासावा. डेमिस्टरची (वाफेतले थेंब अडवणाऱ्या भागाची) जाळी क्षारांनी तुंबली असल्यास उरलेल्या वाटेतून वाफेचा वेग आणखी वाढतो, आणि ती जाळी वेळेवर धुण्याकडे, माझ्या मते, फारच दुर्लक्ष होते.