ग्रँट तीन वर्षांची, पीएचडी पाच वर्षांची

प्रश्न: मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आहे. भूऔष्णिक वीजकेंद्रांच्या खाऱ्या पाण्यातून लिथियम वेगळं करण्याच्या प्रकल्पावर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने पीएचडीची ऑफर दिली आहे. पैसा तिथल्या ऊर्जा विभागाच्या तीन वर्षांच्या ग्रँटमधून येणार आहे. विषय मनापासून आवडलाय. पण बाबा म्हणतात, लिथियमचे भाव कोसळलेत, उद्या सरकारने हात आखडता घेतला तर काय करशील? खरंच, काय करू?

उत्तर: बाबांची भीती अनाठायी नाही, हे आधीच सांगून टाकते. कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सी परिसरात जमिनीखालून वर येणाऱ्या ब्राइनमध्ये, म्हणजे या अतिखाऱ्या पाण्यात, वजनाच्या जवळपास पाव हिस्सा क्षार असतात. त्यातून जस्त काढायचा कारखाना तिथे उभा राहिला आणि 2004 मध्ये बंद पडला. नंतर सिंबॉल नावाच्या कंपनीने तिथेच लिथियम काढून दाखवलं, पण मोठा कारखाना उभा राहण्याआधी, 2015 मध्ये, बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. मग वारं फिरलं. 2021 मध्ये ऊर्जा विभागाने भूऔष्णिक लिथियमसाठी 40 लाख डॉलरची बक्षीस स्पर्धा जाहीर केली. 2022 च्या अखेरीस लिथियमचा भाव शिखरावर होता, 2023 संपेपर्यंत त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरला.

या चढउतारांचा तुझ्या स्टायपेंडशी संबंध कसा, ते बघ. ऊर्जा विभागाच्या उपयोजित संशोधनात खर्चाचा काही वाटा बाहेरून आणावा लागतो, साधारणपणे 20 टक्के. प्रात्यक्षिक प्रकल्प असेल तर 50. विद्यापीठांना कधीकधी सवलत मिळते, पण अनेकदा हा वाटा एखादी कंपनी उचलते. भाव पडला की त्या कंपनीचं लक्ष उडतं. शिवाय अशा ग्रँटचे टप्पे पाडलेले असतात आणि टप्पा संपला की ‘गो/नो-गो’चा निर्णय होतो. ठरलेलं लक्ष्य गाठलं नाही तर पुढचा हप्ता थांबू शकतो. पीएचडी पाच वर्षांची, आणि तीन वर्षांची ग्रँट म्हणजे तीन वर्षांचीही हमी, असं धरून चालू नकोस.

तरीही जा, असंच मी म्हणेन. पण लिथियमसाठी जाऊ नकोस, वेगळं करण्याच्या रसायनशास्त्रासाठी जा. सॉल्टन सीच्या ब्राइनमध्ये लिटरमागे साधारण 200 मिलिग्रॅम लिथियम असतं आणि सोडियम त्याच्या शेकडो पट. शिवाय पोटॅशियम, कॅल्शियम, लोखंड, मँगनीज, जस्त. एवढ्या गर्दीतून एकच आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, उचलायचा. कुणी ॲल्युमिनियमच्या थरदार संयुगांवर लिथियम क्लोराइड शोषून घेतं आणि नंतर पाण्याने सोडवतं. कुणी मँगनीज किंवा टायटॅनियम ऑक्साइडच्या जाळीत हायड्रोजनच्या जागी लिथियम बसवतं. तिथे सोडवायला आम्ल लागतं आणि मँगनीजची जाळी दर फेरीला थोडी थोडी विरघळत जाते. हे शिकलेल्या माणसाला सांडपाणी, जुन्या बॅटऱ्यांचा पुनर्वापर, समुद्राचं पाणी गोडं करणं, दुर्मीळ मृदा धातू, सगळीकडे काम असतं. प्रबंधाच्या नावात लिथियम असेल तर असू दे.

आणि ब्राइनमध्ये विरघळलेल्या सिलिकाला, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाला, कमी लेखू नकोस. तापमान आणि दाब उतरला की सिलिका बाहेर पडून पाइपांत दगडासारखी साचते, शोषक पदार्थाचंही वाटोळं करते. मला विचारशील तर यातला सर्वांत कमी झगमगाटाचा आणि सर्वांत टिकाऊ विषय हाच. लिथियम शून्य रुपयांना विकलं गेलं तरी वीजकेंद्रवाल्यांना सिलिकाची डोकेदुखी राहणारच. न्यूझीलंडमध्ये ओहाकी इथे तर ब्राइनमधून काढलेली सिलिकाच माल म्हणून विकायला घेतली.

आता होकार कळवण्याआधी गाईडला ईमेल कर. भीड बाळगू नकोस, तिकडे हे प्रश्न विचारले जातात. ग्रँटचा कितवा टप्पा चालू आहे? माझ्या नावावर नेमके किती महिन्यांचे पैसे आहेत? नो-गो झालं तर विद्यापीठातला आपला विभाग टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याच्या कामाबदली स्टायपेंड, देईल का, आणि ते ऑफर लेटरमध्ये लिहून मिळेल का? तोंडी आश्वासनावर विमानाचं तिकीट काढू नकोस. निकाल प्रसिद्ध करायला कंपनीची परवानगी लागते का, हेही विचार. कारण कंपनीने पेपर वर्षभर अडवून ठेवला तर नुकसान तुझंच.

एक प्रश्न मुद्दाम वेगळा ठेवलाय: प्रयोग खऱ्या ब्राइनवर होतात की प्रयोगशाळेत क्षार मिसळून केलेल्या पाण्यावर? सुरुवातीला बनावट ब्राइन वापरणं ठीकच. पण त्यात लोखंड आणि सिलिका सहसा सोयीने वगळलेले असतात, त्यामुळे आकडे देखणे येतात आणि प्रत्यक्ष विहिरीवर तोच पदार्थ हात टेकतो. खऱ्या ब्राइनचे नमुने मिळत असतील तर गाईडचे वीजकेंद्राशी चांगले संबंध आहेत असं समज, आणि पुढची ग्रँट मिळण्याची शक्यताही त्याच प्रमाणात जास्त धर. मिळत नसतील तर त्याच गाईडचे जुने विद्यार्थी आज कुठे काम करतात ते शोधून काढ आणि त्यातल्या दोघांशी तरी बोल.

उत्तरं आली की बाबांनाही वाचायला दे. त्यांचा प्रश्न पैशांचा आहे, विषयाचा नाही.