पायाची बोटं बधिर का होतात?

प्रश्न : सायकलसाठी क्लीटचे बूट (तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा, म्हणजे क्लीट, असलेले) घेतल्यापासून तासाभरात पायाची बोटं बधिर होतात. नंबर नेहमीचाच आहे. बूट बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. सायकल चालवताना पाय थोडा फुगतो, उन्हात जास्तच. निघताना नीट वाटलेला पुढचा पट्टा मग नस दाबतो. तो सैल ठेवा, पकड वरच्या पट्ट्याने घ्या. मोजे पातळ घाला.

तरीही मुंग्या आल्या तर क्लीट फार पुढे असेल. तिच्याभोवती पेनाने खूण करा, स्क्रू सैल करून ३ मिमी टाचेकडे सरकवा, कोन मात्र तोच ठेवा. स्क्रू पुन्हा घट्ट आवळा. सैल राहिला तर क्लीट फिरते आणि पाय पेडलमधून सुटतच नाही. सिग्नलला आडवं व्हायची हीच तऱ्हा!

एवढं करूनही फरक नसेल तर इनसोल (बुटाच्या आतला सुटा तळ) बाहेर काढून त्यावर उभे राहा. चवडा कडेबाहेर येत असेल तर बूट अरुंद आहे. मोठा नंबर घेऊ नका, टाच उचलली जाते. त्याच नंबरात रुंद बूट मागा, तोही संध्याकाळी घालून पाहा.

प्रश्न : पॅडच्या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालायचं का?

उत्तर : नाही. त्याची शिवण घासते, घाम अडतो. शॉर्ट्स मात्र दर फेरीनंतर धुवा.